मदत हवी आहे: मरळ सोडूनही चिलापी आटोक्यात येत नाही

तळं लहान आहे, पाच-सहा गुंठ्यांचं, मध्यभागी पुरुषभर खोल. चिलापी आधीपासून होती, तिची बेसुमार वीण वाढली म्हणून तिला खाणाऱ्या मरळीची बोटुकली (बोटभर पिल्लं) सोडली. आता जाळं ओढलं की चिलापी येते ती सगळी एकाच मापाची, दहा-बारा सेंटिमीटर. मोठी क्वचित दिसते, बारीक पिल्लं तर जवळजवळ नाहीतच. मरळी सापडल्या त्या वीतभर लांब, डोकं मोठं आणि मागचं अंग अगदी वाळलेलं. एकीचं पोट फाडून पाहिलं, आत काही नव्हतं. तळं माशांनी गच्च आणि शिकारी उपाशी, हे कसं? आणखी मरळ सोडू का? पाणी हिरवट आहे, पहाटे मासे वर येऊन हवा घेताना दिसत नाहीत.

काठावरचा:
मरळ अजिबात वाढवू नका, आहेत त्याच उपाशी आहेत. एक मरळ आणि एक चिलापी शेजारी ठेवा, मरळीचा जबडा उघडून बघा. मरळ घास तोडत नाही, अख्खा गिळते. आपल्या लांबीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढं भक्ष्य तिला सोपं जातं. त्यात चिलापी अंगाने उंच, पाठीवर काटे उभे. म्हणजे वीतभर मरळीला सहा-सात सेंटिमीटरचा मासा ठीक, बारा सेंटिमीटरचा नाही. ही मधली फळी मरळीच्या तोंडातून सुटलीय आणि तळ्यातलं सगळं खाणं तीच फस्त करतेय, नवी पिल्लंसुद्धा. खाणं वाटून जातं म्हणून तीही वाढत नाही, पण बोटभर असतानाच वयात येते आणि अंडी घालत राहते.

अमेरिकेतल्या ऑबर्नचे मत्स्यशास्त्रज्ञ होमर स्विंगल यांनी तळी रिकामी करून मासे तोलले होते. १९५० साली त्यांनी मांडलं की भक्ष्य माशांचं एकूण वजन शिकाऱ्यांच्या ३ ते ६ पट असलं की तळं उत्तम चालतं. त्यांचे मासे बास (शिकारी) आणि ब्लूगिल (भक्ष्य), त्यामुळे मरळीला आकडा तसाच लावू नका. त्यांचं दुसरं म्हणणं मला जास्त मोलाचं वाटतं: भक्ष्य माशांपैकी शिकाऱ्याच्या तोंडात मावतील असे किती, हे वेगळं मोजायचं. तुमच्याकडे ते जवळपास शून्य आहे.

चिखलवाट:
वरच्याशी सहमत, पण जाळ्यावरून मरळीचा अंदाज बांधू नका. जाळं जवळ आलं की ती चिखलात घुसते, नाहीतर वरून उडी मारते. असतील त्याहून कमीच दिसतात. पावसाळ्यात काठावर जाळीचं कुंपण घाला, ती ओल्या जमिनीवरून सरपटत निघून जाते. मला विचाराल तर तळं आटवून पहिल्यापासून सुरू करा.

काठावरचा:
आटवायची गरज नाही, मधली फळी उपसली की पुरे.

प्रश्नकर्ता:
उपसायची किती? आणि जाळ्याची आस, म्हणजे भोकं, केवढी?

काठावरचा:
बोटाएवढी पिल्लं निसटतील आणि तळहाताएवढी अडकेल अशी आस. निम्म्याहून जास्त काढा, हात आखडता घेऊ नका. थोड्या मोठ्या माद्या मात्र राहू द्या, मरळीचं खाणं त्याच पैदा करणार. चिलापीची मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, जाळ्यात घाबरली की थुंकून टाकते. ती अंडी-पिल्लं पाण्यातच जाऊ द्या.

नंतर काठालगत बारीक पिल्लांचे थवे दिसू लागले आणि मरळीची पाठ भरली, तर जमलं. पिल्लं दिसतात पण मरळ तशीच, तर पाणवनस्पती जास्त झाल्यात का बघा, पिल्लं त्यात लपतात. सगळी उपटू नका, मरळ दबा धरते ती त्याच कडेला.

वरून खाद्य टाकत असाल तर उपसा होईपर्यंत बंद ठेवा, ते सगळं मधल्या चिलापीच्याच पोटात जातं.