लंगोटीयार, आघात, सूड: कोणता शब्द खटकतो?

धुळेकर: आमच्या मंडळात 'मिस्टिक रिव्हर' (2003, दिग्दर्शक क्लिंट ईस्टवुड) दाखवतोय. गोष्ट बोस्टनची. ओळख म्हणून एक ओळ लिहिलीय: 'तीन लंगोटीयार, बालपणीचा आघात आणि सूड.' काहीतरी खटकतंय.

तापीकाठ: आधी लंगोटीयार काढा. लंगोटीयार म्हटलं की दोस्ती अजून शाबूत, भेटले की शिव्यांनीच सुरुवात. इथे जिमी, शॉन, डेव्ह मोठेपणी ओळखीपुरतेच उरलेत. 'लहानपणचे सवंगडी' बरं. 'बालमित्र' मला सत्काराच्या भाषणातला वाटतो.

अमळनेरवाली: माझा आक्षेप आघातावर. पोरं ओल्या सिमेंटमध्ये नावं कोरतायत, पोलीस असल्याची बतावणी करून दोघं डेव्हला गाडीत घालून नेतात, त्याचं नाव अर्धवट राहतं. हा झाला आघात. मोठेपणीही तो जे घेऊन वावरतो, त्याला आपल्याकडे धसका म्हणतात. पोरगं विहिरीत पडता पडता वाचलं आणि मग पाण्याजवळ जाईना, की आजी म्हणणार, 'पोऱ्यानी धसका लिधा.' आघात होतो, धसका घेतला जातो.

धुळेकर: पण धसका परीक्षेचाही घेतात. डेव्हच्या मनात भीतीपेक्षा लाज जास्त आहे.

अमळनेरवाली: हे मान्य. मग 'सल' घ्या. मोडून आत राहिलेला काटा.

धुळेकर: मनातला सल की मनातली?

अमळनेरवाली: दोन्ही ऐकलंय. मी 'मनातला' म्हणते.

तापीकाठ: आता सूड. तो राहू द्या. 'बदला' मूळ अरबी, अदलाबदल आणि बदली त्याच घरातले. त्यात हिशेब असतो, ज्यानं केलं त्यालाच परत. सूड उगवणाऱ्याला तेवढी शुद्ध नसते. जिमी मुलीच्या खुनापायी भलत्यालाच मारतो (शेवट फोडला, ज्यांनी पाहिला नाही त्यांची माफी). 'वचपा' क्रिकेटच्या बातम्यांना, 'उट्टं' पत्त्यांच्या डावाला. तिथे कुणाचा जीव जात नाही.

यावलकर: आणि डूख?

तापीकाठ: डूख धरणारा नागासारखा वाट बघतो. जिमीला तेवढा धीर कुठला? पोलिसांचा तपास पुरा होईपर्यंतही थांबत नाही.

धुळेकर: मग असं करतो: 'लहानपणचे तीन सवंगडी, एकाच्या मनातला सल आणि दुसऱ्यानं घाईत उगवलेला सूड.'

यावलकर: 'घाईत' काढा. पोस्टरवरच शेवट कळायचा.