पाठीवर किती आणि माळ्यावर किती? आपत्तीची तयारी आणि हलकी सॅक

सह्यभटका

पावसाळा तोंडावर आला की आपत्तीच्या तयारीबद्दल आपल्याकडे दोनच टोकं दिसतात. एक, 'बघू वेळ आली की'. दुसरं, तूनळीवरचे व्हिडिओ बघून साठ लिटरची सॅक भरून ठेवायची. कुऱ्हाड, घडीचं फावडं, चकमक, तीन प्रकारचे चाकू, चार माणसांचा तंबू. ती सॅक पाठीवर घेऊन निदान चार मजले चढून बघणारा माणूस मला अजून भेटायचाय.

माझं मत असं, की घर सोडायची वेळ आली तर घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाला जेवढं सामान स्वतःच्या पाठीवर घेऊन तासभर चालता येईल, तेवढंच बांधावं. पन्नास किलोच्या बाईने दहा किलोच्या वर घेऊ नये, आणि गुडघे दुखत असतील तर पाचच. त्यात एक हलकी ताडपत्री, वीस मीटर दोर, डोक्याला लावायचा दिवा, शिट्टी, एक कोरडा जोड, दोन दिवसांचं न शिजवता खाता येईल असं खाणं, पाणी शुद्ध करायची सोय, औषधं, कागदपत्रांच्या प्रती आणि शंभरच्या नोटा. नोटा विसरू नका. टॉवर बंद पडला की यूपीआयवर किराणा मिळत नाही.

बाकी सगळं डोक्यात हवं: गाठी, ओल्यात जाळ पेटवणं, पाणी ओळखणं, वाट ओळखणं. त्याला वजन नसतं आणि ते भिजतही नाही. एमा गेटवूड या अमेरिकन बाई १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, अॅपलाचियन ट्रेल ही डोंगरांतली लांब पायवाट एकट्या चालल्या. सुमारे ३,३०० किलोमीटर. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली डेनिमची पिशवी आणि पावसासाठी बाथरूमचा प्लास्टिकचा पडदा. स्वावलंबन म्हणतात ते हे.

मतं येऊ द्या.

---

वाशिष्ठीकाठ

चालून जाणार कुठे, ते आधी सांगा.

२२ जुलै २०२१ला चिपळुणात पाणी पहाटेच चढायला लागलं. बाजारपेठेतले तळमजले बुडाले. ज्याला वरचा मजला होता तो वर गेला, ज्याला नव्हता तो शेजाऱ्याच्या वरच्या मजल्यावर गेला. तासभर चालायचा प्रश्नच नव्हता, जिना चढायचा होता. वर गेल्यावर काय लागलं? पिण्याचं पाणी, कोरडं खाणं, दिवा, आणि पाणी ओसरल्यावर चिखल काढायला फावडी. हो, तेच फावडं, ज्याची तुम्ही चेष्टा केलीत. मात्र घडीचं नको, चांगलं दांड्याचं हवं.

त्याच्या आदल्या वर्षीचं निसर्ग वादळ घ्या. ३ जून २०२०. श्रीवर्धन, मुरुड, दापोलीकडे पोफळी-माडांच्या बागा आडव्या झाल्या आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तिथून कोणी कुठे निघालं नाही. छपराचे पत्रे उडाले होते, ते आधी बसवायचे होते. पंप चालत नाही म्हणजे विहिरीला रहाट किंवा निदान बादली-दोर हवा. कामाला आलं ते सगळं जड होतं: तांदळाचं पोतं, पाण्याचा ड्रम, करवत, पत्र्यांचे खिळे, जाडजूड ताडपत्री.

धाग्यात तुम्ही आपत्तीच्या तयारीची भाषा करताय आणि यादी मात्र दोन दिवसांची देताय.

---

सह्यभटका

साठा नको असं मी कुठे म्हटलं? साठा घरी ठेवाच. पण घर राहिलं नाही तर? त्याच २२ जुलैला तळियेत अख्खी वाडी दरडीखाली गेली. २०१४ला माळीण, २०२३ला इर्शाळवाडी. तिथे तांदळाचं पोतं काय करणार?

---

वाशिष्ठीकाठ

आणि तुमची सॅक तरी काय करणार? इर्शाळवाडीत दरड रात्री कोसळली. किल्लारीला तर भूकंप झाला तोच पहाटे चारच्या सुमारास, सगळे झोपेत असताना. दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद, माणसं त्याखालीच गेली. तिथे जीव वाचला असता तर हलक्या छपराने, किंवा वाडी आधीच दुसरीकडे वसवल्याने. त्याला सामान म्हणत नाहीत.

---

पंचगंगेचा_पाव्हणा

दोघांचंही अर्धं बरोबर, पण आमच्याकडचं गणित निराळंच आहे. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टात माणूस सकाळी उठल्यावर पहिलं विचारतो, 'राजाराम बंधाऱ्याला किती?' ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. सांगलीवाले आयर्विन पुलाचं बघतात, तिथे ४० आणि ४५. प्रयाग चिखली-आंबेवाडीकडची माणसं या आकड्यावरून सामान हलवायला लागतात. आकडा कळला आणि वेळेत निघालं की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून फ्रीजसुद्धा जातो. उशीर केला तर बोटीत पिशवी घ्यायलाही जागा नसते. म्हणजे किती वजन न्यायचं ते तुम्ही किती वाजता निघता यावर ठरतं. तुमच्या सॅकच्या लिटरवर नाही.

आता खरी अडचण सांगतो. २०१९च्या पुरात कितीतरी माणसं शेवटपर्यंत घराबाहेर पडली नाहीत, का? जनावरं. दावणीला दोन म्हशी असलेल्या माणसाला 'हलकं होऊन निघा' म्हणून बघा एकदा. त्याची वर्षाची कमाई तिथे उभी आहे. तो निघणार कधी, तर जनावरांना उंचावर जागा आणि वैरण आहे हे आधी ठरलं असेल तेव्हा. ती जागा कोण ठरवतं? गाव. एकट्याने स्वावलंबी होऊन काय उपयोग?

---

खवचट_पेठकर

धाग्यात कुऱ्हाड आलीच आहे तर एक कायदेशीर सल्ला फुकट देतो. पुण्यात सॅकमध्ये कोयता घालून 'आपत्तीची तयारी' करत फिरू नका. पुढची काही दिवसांची राहण्याजेवणाची सोय सरकारी होईल.

तसंच ते परदेशी व्हिडिओत मिरवतात ते उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र. भारतात परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन काय आणि ती यंत्रं काय, चालत नाहीत. गोव्याच्या विमानतळावर परदेशी पर्यटक यापायी अडकले आहेत. आपल्यासाठी खिशात मावणारा बॅटरीचा रेडिओ आणि कागदावर लिहिलेले फोन नंबर. कागदावर म्हणतोय, कारण बायकोचा नंबर पाठ असलेला नवरा आता दुर्मिळ आहे. ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ तेवढे तरी पाठ करा.

---

सह्यभटका

पेठकर, दंडवत :)

पाव्हणे, म्हशींचा मुद्दा बिनतोड आहे. पण शहरातल्या सोसायटीत म्हैस नाही, तरी लोक निघत नाहीत, कारण काय घ्यायचं ते ठरलेलं नसतं. ऐनवेळी लग्नाचा अल्बम शोधत बसतात.

आणि हलकं म्हणजे महागडं परदेशी नव्हे, हेही लिहायचं राहिलं. उलट तिकडचं बरंच सामान आपल्या पावसात कुचकामी ठरतं. पिसांची स्लीपिंग बॅग वजनाला अगदी हलकी, पण पिसं भिजली की गोळा होतात आणि ऊब जाते. जुलैत सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर कोरडं काय राहतं? त्यापेक्षा लोकरीची घोंगडी भिजली तरी थोडीफार ऊब धरते, म्हणून धनगर ती सोडत नाहीत. पण ती जड, आणि भिजली की आणखी जड. मी मधला मार्ग काढतो: पातळ फ्लीस आणि सिंथेटिक कपडे, पिळून अंगावर घातले तरी वाळतात. जीन्स मुळीच नको. ताडपत्रीचंही तसंच. तीन बाय चार मीटरची १२० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅम) घेतली तर दीड किलोच्या आत बसते, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तिच्याहून हलकी सिलनायलॉनची, म्हणजे सिलिकॉनचा थर दिलेल्या नायलॉनची असते, पण काट्यात फाटली तर गावात ठिगळ मिळत नाही.

---

औषधवाली

पाण्याची 'सोय' एवढ्या एका शब्दात उरकू नका. ट्रेकवाले वापरतात तो ०.१ मायक्रॉनचा पोकळ धाग्यांचा फिल्टर हलका असतो, जिवाणू आणि अमिबासारखे जंतू अडवतो. विषाणू अडवत नाही, ते त्याहून बारीक असतात. आणि पुराच्या पाण्यात गटार मिसळलेलं असतं, म्हणजे कावीळ अ आणि ई दोन्हींचा धोका. डोंगरातल्या झऱ्याला पुरतं ते पुराला पुरत नाही.

क्लोरीनच्या गोळ्या वजनाला काहीच नाहीत आणि विषाणू मारतात, पण गढूळ पाण्यात त्यांची ताकद गाळावरच खर्च होते. म्हणून आधी तुरटी फिरवा, गाळ बसू द्या, वरचं पाणी फडक्यातून गाळा, मग गोळी, मग अर्धा तास थांबा. जळण असेल तर खळखळून एक मिनिट उकळणं सगळ्यात खात्रीचं. रसायनं किंवा डिझेल मिसळलं असेल तर यातलं काहीही उपयोगाचं नाही, ते पाणी सोडून द्या.

दुसरं, लेप्टो, म्हणजे पुराच्या पाण्यातून जखमेवाटे होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप. पायाला जखम असताना पुराच्या पाण्यात चालावं लागलं तर नंतर डॉक्टरांना लवकर गाठा. प्रतिबंधक गोळ्या असतात, पण स्वतःच्या मनाने घ्यायच्या नाहीत. गमबूट जड असतात, तरी मी ते सॅकच्या यादीत वर ठेवीन.

आणि रोजची औषधं. सर्व्हायव्हलच्या याद्यांत चकमक असते, बीपीची गोळी नसते. घरात इन्सुलिन घेणारं कोणी असेल तर वीज जाण्याचा अर्थच तुमच्यासाठी वेगळा आहे.

---

वेलिंग्टनकर

इथे न्यूझीलंडमध्ये आम्ही भूकंपाच्या भेगेवरच राहतो, त्यामुळे हा वाद रोजचा आहे. वेलिंग्टनमध्ये सांगतात की माणशी दिवसाला २० लिटर, निदान सात दिवसांचं पाणी घरात साठवा. म्हणजे एका माणसाला १४० लिटर. बऱ्याच घरांच्या मागे २०० लिटरची टाकी दिसते. दारापाशी छोटी सॅकही असते, पण टाकी आहे म्हणून सॅक नको, असं कोणी म्हणत नाही.

सह्यभटका, गणित करून बघा. नुसतं पिण्यासाठी आणि थोडं रांधायला माणशी ३ लिटर धरलं तरी चौघांना तीन दिवसांचे ३६ किलो. कोरडं खाणं शेंगदाणे-गूळ धरून माणशी दिवसाला अर्धा किलो. चौघांचं महिन्याचं ६० किलो. पाठीवर महिना मावत नाही. पाठीवर फार तर तीन दिवस मावतात.

---

आजीची_पोर

गेटवूडबाईंबद्दल थोडं. त्या वाटेत लोकांच्या घरी जेवल्या, मुक्कामाला राहिल्या, कोणी नाही म्हटलं तर पुढच्या दारी गेल्या. त्यांची पिशवी हलकी होती कारण वाटेवर घरं होती. मला यात कमीपणा वाटत नाही, पण याला एकटीचं स्वावलंबन कसं म्हणणार? पंढरीची वारी तशीच चालते. वारकरी खांद्याला पडशी लावून निघतो कारण दिंडीबरोबर सामानाचा ट्रक असतो आणि गावोगावी पंगत असते.

तेव्हा हलकं निघायचं असेल तर आधी ठरवा की तुम्हाला दार कोण उघडणार आहे. सोसायटीत वरच्या मजल्यावरच्यांशी पार्किंगवरून भांडण असेल तर ताडपत्रीच्या जीएसएमने फरक पडत नाही.

---

सह्यभटका

आजीची_पोर, त्या घरोघरी राहिल्या हे खरंच, पण दोन घरांमधल्या जंगलात त्या एकट्याच होत्या, आणि तिथे ओझ्याने माणूस थकतो. माझी सॅक हलकीच राहणार. माळ्यावर ड्रम ठेवायला माझा विरोध नाही, फक्त पाचव्या मजल्यावरच्या वन-बीएचकेत १४० लिटर गुणिले चार कुठे ठेवतात ते वेलिंग्टनकरांनी सांगावं.

---

वाशिष्ठीकाठ

बाथरूममधला मोठा पिंप भरून ठेवा, इशारा आला की रिकामे कॅन भरा. माळ्यावर पाणी ठेवू नका हो, एवढं वजन स्लॅबला आणि माळ्याला पेलायला हवं ना. माळ्यावर तांदूळ, डाळ, ताडपत्री.

---

पंचगंगेचा_पाव्हणा

औषधवाली, एक शंका. ग्रामपंचायतीची टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर थोडी डबीत घालून सॅकमध्ये ठेवली तर चालेल का? गोळ्या सगळीकडे मिळत नाहीत.

---

औषधवाली

टीसीएल दमट हवेत लवकर मरते. उघडलेल्या डबीत वर्षभर ठेवलीत तर पावडर दिसेल, क्लोरीन फारसा उरलेला नसेल. शिवाय धातूला गंज चढवते, कपड्यांजवळ ठेवायची वस्तू नाही. घरच्या साठ्यासाठी दर पावसाळ्याआधी ताजी घ्या, प्रमाण आरोग्यसेविकेला विचारा. सॅकमध्ये मात्र पट्टीतल्या गोळ्याच ठेवा आणि मुदत बघून बदला.