गोष्टी शोधण्याचं आणि मांडण्याचं काम : तुमचे अनुभव लिहा

एखाद्या ब्रँडला, ट्रस्टला किंवा संग्रहालयाला नेमकं काय सांगायचंय ते शोधायचं, त्यासाठी गावोगाव फिरायचं, जुने कागद चाळायचे आणि मग त्याचं प्रदर्शन करायचं, फिल्म की पुस्तक, ते ठरवायचं. कार्डावर क्रिएटिव्ह स्ट्रॅटेजिस्ट, क्युरेटर, कल्चरल रिसर्चर असं काहीही छापलेलं असतं. मी बरीच वर्षं हेच करते आहे.

२०२५च्या जूनमध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि कोल्हापूरचा उल्लेखच नव्हता, तेव्हा आपण सगळे चिडलो. चिडायलाच हवं होतं. पण मग हाच प्रश्न आपल्या रोजच्या कामालाही विचारायला हवा ना? माहिती कुणी दिली, नाव कुणाचं लागलं, पैसे कुणाला मिळाले? या क्षेत्रात असलेल्यांनी आणि येऊ पाहणाऱ्यांनी मोकळेपणाने लिहा. सुरुवात मी करते.

एका पादत्राणांच्या कंपनीसाठी कोल्हापुरीवर संशोधन केलं होतं. कंपनीला हवी होती ती राजदरबार, कुस्ती आणि तांबडा रस्सा यांची गोष्ट. मी कारागिरांच्या घरात जाऊन बसले. तळ, पट्टा, अंगठा, बाजूचे कान, सगळं चामड्याचंच. शिवणही चामड्याच्या वादीची, खिळा कुठेच नाही. कातडं कमवायला बाभळीची साल आणि हिरडा. पुरुष तळ कापतात, आणि पट्ट्यावरची बारीक वेणी बहुतेक घरांत बायका घालतात. त्या मात्र कुठल्याच जाहिरातीत दिसत नाहीत. शिवाय २०१९मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकच्या चार जिल्ह्यांना मिळून आहे. अथणी-निपाणीकडचे कारागीर वगळून कोल्हापुरीची गोष्ट पुरी होतच नाही. मी हे सगळं मांडलं. शेवटी खोक्यावर ‘हस्तकला’ एवढा एकच शब्द आला. तेव्हापासून मी नावांचं आणि मानधनाचं कलम आधी करारात घालून घेते, मगच कामाला हात लावते.

संग्रहालयात काम करते, पुणे

ताई, धागा काढलात ते फार बरं झालं. मी या कामाकडे वळले ती राजा दिनकर केळकर संग्रहालयामुळे. कवितेत ‘अज्ञातवासी’ असलेल्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वज्र्या, दरवाजे असं घराघरांतलं गोळा केलं, लहानपणी गेलेल्या मुलाचं नाव त्याला दिलं आणि पुढे सगळं राज्य सरकारच्या हवाली केलं. राजेरजवाड्यांच्या तलवारी सगळेच जपतात. टाच घासायची वज्री जपावी असं वाटणं ही खरी क्युरेटरची नजर, असं मी मानते.

आता मी जिथे आहे तिथे लेबलवर ‘पितळ, १९वे शतक’ इतकंच असायचं. एकदा एक आजी काचेपाशी थांबून नातीला सांगत होत्या की असलं भांडं बाळंतिणीच्या खोलीत असायचं, आत निखारे आणि वर ओवा-बाळंतशेपा. मी वही काढली. त्यांची परवानगी घेऊन ते लेबलवर घातलं, खाली त्यांच्या गावासकट. आता दालनात एक वहीच ठेवली आहे आणि लोक त्यात भरभरून लिहितात. माझ्या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग तोच.

ध्वनिमुद्रणांवर काम, सध्या बंगळुरू

जात्यावरच्या ओव्यांचा उल्लेख इथे व्हायलाच हवा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७पासून ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या ऑनलाइन संग्रहाने त्या प्रसिद्ध केल्या, आणि गाणारीचं नाव आणि गाव सोबत असतं. लोकगीत म्हटलं की ‘पारंपरिक’ लिहून मोकळं व्हायची आपली सवय या एका गोष्टीने मोडली, म्हणून मला ते काम मोठं वाटतं.

मी स्वतः एका छोट्या प्रकल्पात ओव्या उतरवून घेते. ‘पहिली माझी ओवी’ म्हणेपर्यंत बाई संकोचलेली असते. जात्याला वेग आला की आवाज मोकळा होतो आणि भाऊ, सासर, पंढरी, सगळं एकामागून एक येतं. स्टुडिओत बसवून हे होत नाही, म्हणून मी जात्याची घरघर पुसून टाका असं सांगणाऱ्या संकलकाशी भांडते. ती घरघर म्हणजे तिचा ताल आहे.

महोत्सवांचं नियोजन, पणजी

थोडक्यात लिहितो. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथीला बोलवायचं तर पोथीतली चित्रं भिंतीवर टांगून भागत नाही. हुडूक हे चर्मवाद्य, टाळ आणि एकेक चित्र पुढे करत सांगणारा माणूस, असा तो पुरा खेळ आहे. तिथले कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ला पद्मश्री मिळाल्यापासून आयोजकांचे फोन वाढले, पण ‘दहा मिनिटांत बसवा’ हा आग्रह तसाच आहे. मी दहा मिनिटांचं निमंत्रण पुढे पाठवतच नाही. एका आख्यानाला लागतो तेवढा वेळ द्यायचा, नाहीतर बोलवायचं नाही.

विद्यार्थिनी, नाशिक

मराठी घेऊन बी.ए. करते आहे. डिझाइनचं शिक्षण नसताना या कामात येता येईल का? आणि ताई, ते करारातलं कलम नेमकं काय असतं?

धागा काढणारी

नक्की येता येईल. अर्ज पाठवताना स्वतः घेतलेली एक मुलाखत जोड: बोलणाऱ्याच्याच भाषेत उतरवलेली, तारीख, ठिकाण आणि परवानगीसकट. चकचकीत पोर्टफोलिओपेक्षा मी तीच आधी वाचते.

कलमात चार गोष्टी असतात. मुलाखतीला बसणाऱ्याचा दिवसाचा कामधंदा बुडतो, त्याचं मानधन आमच्या फीपासून वेगळं. नाव कुठे आणि कसं छापायचं ते त्याला विचारून. ध्वनिमुद्रण आणि फोटोची एक प्रत त्याच्या घरी. आणि तेच साहित्य दुसऱ्या जाहिरातीत वापरायचं झालं तर पुन्हा परवानगी आणि पुन्हा पैसे. चौथ्या मुद्द्यावर ग्राहक सगळ्यात जास्त घासाघीस करतात, तो सोडू नकोस.