जपानी शिकताना कोणाचा सल्ला ऐकायचा?

मुलुंड_फास्ट:
नमस्कार मंडळी. ऑफिसात जपानी क्लायंट आल्यापासून जपानी शिकतेय. डिसेंबरला जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेची एन५ ही सगळ्यात सोपी पातळी झाली, आता त्याच्या वरची एन४ द्यायचीय. अभ्यासाची वेळ म्हणजे मुलुंड ते सीएसएमटी, तीही बहुतेकदा उभ्यानेच. यूट्यूबवरचा एक दादा म्हणतो व्याकरणाला हात लावू नका, नुसतं ॲनिमे (जपानी कार्टून) ऐका. दुसरा म्हणतो आधी सगळ्या कांजी (जपानीतली चिनी चित्राक्षरं) पाठ करा. मैत्रीण म्हणते पहिल्या दिवसापासून बोल. त्यात कुठेतरी वाचलं की जपानीला २२०० तास लागतात! हातपायच गाळले मी. ऐकू कोणाचं?

गिरगावचा_बाळू:
सगळ्यांचं ऐका आणि ॲनिमे बघा, निदान करमणूक तरी होईल 😄

पवईची_दुभाषी:
बाळूदादा, तिला घाबरवू नका, आधीच घाबरलीय.

ते २२०० तास अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचे. इंग्रजी मातृभाषा असलेले अधिकारी, पगार घेऊन ८८ आठवडे वर्गात बसणारे. तुमची मातृभाषा मराठी. 'मी चहा पितो' यातला क्रम जपानीत जसाच्या तसा, क्रियापद शेवटी. आपण नामाला 'ला', 'त', 'हून' चिकटवतो तसं तिथे नी, दे, कारा. अगदी जोडीला जोड नाही, पण वाक्य उलटं करायची जी कसरत इंग्रजीवाल्याला करावी लागते ती आपल्याला नाही. कांजीत मात्र आपल्यालाही सूट नाही.

कांजीचं म्हणाल तर जोयो यादीत, म्हणजे रोजच्या वापराच्या कांजींच्या सरकारी यादीत, २१३६ आहेत. जपानी पोरं त्यातल्या १०२६ शिकायला प्राथमिकची सहा वर्षं घेतात, तीही घरीदारी जपानी बोलत असताना. एन४ला तीनेकशे ओळखता आल्या तरी भागतं. 'आधी सगळ्या' हा सल्ला सरळ सोडून द्या.

'नुसतं ऐका'वाले स्टीफन क्रॅशन या भाषातज्ज्ञाचं नाव घेतात. क्रॅशनचा भर *समजेल* अशा भाषेवर होता, ती अट व्हिडिओत गळून पडते. शिवाय कॅनडात फ्रेंच माध्यमातून शिकलेल्या इंग्रजीभाषक मुलांचं उदाहरण आहे. वर्षानुवर्षं वर्गात फ्रेंच ऐकून त्यांना समजायचं छान, पण बोलण्या-लिहिण्यातलं व्याकरण कच्चंच राहिलं. त्यावरूनच मेरिल स्वेन या भाषा-संशोधिकेनं १९८५ मध्ये मांडलं की स्वतः भाषा वापरावीही लागते.

आणि सल्ला देणारा कशात पास झालाय ते बघा. जेएलपीटीत तोंडी परीक्षा नाही, निबंध नाही, सगळे पर्याय निवडायचे. आमच्याकडे एन२ झालेला एक मुलगा आहे. करारपत्र भराभर वाचतो, फोन वाजला की माझ्याकडे बघतो! वाचनाबद्दल तो सांगेल ते डोळे मिटून ऐका. कॉलबद्दल नको.

मुलुंड_फास्ट:
मग मैत्रिणीचंच बरोबर म्हणायचं का?

पवईची_दुभाषी:
तुमच्या कामापुरतं, हो. फक्त ॲनिमेतून उचललेलं बोलू नका. क्लायंटला 'ओमाए' (उद्धट 'तू') म्हणालात तर तो हसून विषय बदलेल आणि तुमच्या साहेबांना मेल जाईल.

उभ्याने प्रवास करता ना? आंकी हे उजळणीचं ॲप घ्या, एका हाताने चालतं. अंतर टाकून उजळणी करा हा एकच सल्ला मी कोणाकडूनही ऐकून घेते. एबिंगहाउसनं १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून विसरणं मोजलं, तेव्हापासून तो टिकून आहे.

ठाणे_वेस्ट:
मी '९० दिवसांत एन३'वाल्या एका कोर्सला पैसे भरणार होतो. एन५ काठावर पास आहे. काय म्हणता?

पवईची_दुभाषी:
भरू नका. काठावरच्या एन५वरून नोकरी सांभाळून तीन महिन्यांत एन३? आधी एन४चा जुना पेपर घड्याळ लावून सोडवा, कुठे आहात ते फुकटात कळेल.

मुलुंड, कॉल सुरू झाल्यावर पहिली दोन मिनिटं तुम्ही काय बोलता ते मराठीत इथे टाका. केइगोत, म्हणजे आदरार्थी जपानीत, कसं म्हणायचं ते लिहून देते. रविवारी टाकलंत तर बरं, आठवड्यात मला मान वर करायला फुरसत नसते.