मदत हवी आहे: रात्रभर आवाज लावून झोपतंय काय कोण?

नमस्कार मंडळी. माझं माहेर बेळगावात वडगावला, शेजारी यंत्रमाग रात्रपाळीला चालायचे, त्या खटखटीत गाढ झोप लागायची बघा. आता आम्ही खानापूरकडं राहतोय, इथं रात्री एवढं शांत असतंय की कुत्रं भुंकलं नाहीतर रेल्वे गेली की खाडकन जाग येते आणि मग पहाटेपर्यंत डोळे टक्क उघडे. 6 महिने झाले. डॉक्टरांनी संध्याकाळचा चहा बंद करायला सांगितला, केला. मोबाईलवर व्हाईट नॉईज, म्हणजे बाकीचे आवाज झाकणारा एकसारखा आवाज, लावलं तर ते स्टोव्हसारखं फस्स करतंय, कानाला टोचतंय. ब्राऊन नॉईज बरं वाटलं, खालच्या सुरातलं, लांबून कौलावर पाऊस पडतोय तसं, त्यानं झोप लागते. पण टायमर 1 तासाचा लावला की आवाज थांबल्या थांबल्या जाग येते आणि रात्रभर ठेवावं तर मधेच जाहिरात किंचाळते. इयरफोन घालून कुशीवर झोपता येत नाही, आणि आमच्या ह्यांना पंख्याचा आवाजसुद्धा सोसत नाही. उशीखाली ठेवायचा छोटा स्पीकर कोणी वापरलाय काय? आवाज किती हळू ठेवता? आणि ह्याची कायमची सवय लागते काय ते पण सांगा की, खूप थकलेय.