लांडगे परत आले की निसर्ग खरंच सुधारतो का? आणि आपल्या महाराष्ट्रात त्याचं काय?

बोरिवलीची_आई

नमस्कार मंडळी, मुलगी नववीत आहे आणि तिला परिसंस्थेवर प्रोजेक्ट करायचाय. सोसायटीच्या ग्रुपवर तो अमेरिकेतल्या यलोस्टोनचा व्हिडिओ फिरत असतो ना, लांडगे आणून सोडले आणि झाडं वाढली, बीव्हर (पाण्याकाठी राहून बांध घालणारा प्राणी) आले, शेवटी नदीसुद्धा बदलली, तो तिला प्रचंड आवडलाय आणि ती तेच लिहायला बसलीये. मला विचारायचंय की हे कितपत खरं आहे? दुसरं म्हणजे २०२४ मधे उत्तर प्रदेशात बहराइचला लांडग्यांनी लहान मुलं मारल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्या, मग असा प्राणी आजूबाजूला हवा असं मुलीला कोणत्या तोंडाने सांगू? आणि आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कात लांडगे का नाहीत असं ती विचारतेय, त्याचंही उत्तर माझ्याकडे नाही. कोणी या विषयात काम केलं असेल तर प्लीज नीट समजावून सांगा.

येऊर_भटक्या

ताई, मुलीने विषय फार छान निवडलाय. व्हिडिओतली सुरुवात बरोबर आहे, शेवट मात्र जास्तच गोड केलाय.

यलोस्टोनमधले लांडगे १९२६ पर्यंत माणसांनी मारून संपवले. त्यानंतर एल्क नावाची मोठी हरणं बेसुमार वाढली आणि ओढ्याकाठच्या विलो, अॅस्पेन या झाडांचे कोवळे शेंडे वर येतायत न येतायत तोच खाऊन टाकायला लागली. १९९५ आणि १९९६ मधे कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले. १९९४ साली उत्तर भागात एल्क १९ हजारांच्या घरात होते ते २०१३ पर्यंत चार हजारांच्या खाली आले. पण हे एकट्या लांडग्याने केलं नाही, तिथे अस्वलं आणि प्यूमा (मांजराच्या कुळातला मोठा शिकारी) वाढले होते, पार्कच्या बाहेर पडलेल्या एल्कची माणसंही शिकार करत होती, दुष्काळ होता.

आता नदीचं. लांडगे गेले त्याच काळात तिथले बीव्हरही जवळपास गेले होते. बीव्हर ओढ्यावर काटक्या-चिखलाचे बांध घालतो, त्याने पाणी अडतं, काठची जमीन ओली राहते आणि विलो त्या ओलाव्यावर जगतो. बांध गेले, ओढे खोल कापत गेले, जमिनीतलं पाणी खाली गेलं. आणि विलो नाही तर बीव्हरला खायला आणि बांधाला काटक्या नाहीत. म्हणजे सगळंच अडकून बसलं. तिथे वीस वर्षं एक प्रयोग चालला, काही ठिकाणी कुंपण घालून एल्कना बाहेर ठेवलं, काही ठिकाणी माणसांनीच छोटे बांध घातले. विलो उंच आणि दाट वाढला तो मुख्यतः जिथे बांध आणि कुंपण दोन्ही होतं तिथेच. त्याचे निष्कर्ष २०२४ मधे आलेत. मला वाटतं मुलीने प्रोजेक्टमधे हेच मुख्य लिहावं, की घालवायला काही वर्षं पुरली, पण प्राणी परत आणूनही ७० वर्षांचं नुकसान आपोआप भरून निघत नाही.

पण म्हणून लांडग्याचा उपयोग नाही असं अजिबात नाही हं. तो मारतो त्यावर कावळे, गरुड, अस्वलं सगळे जेवतात, उरलेलं मातीत जातं. अमेरिकेतच विस्कॉन्सिन राज्यात जिथे लांडगे परत आले तिथे हरणं गाडीवर आदळण्याचे अपघात सुमारे २४ टक्क्यांनी कमी झाले, कारण लांडगे रस्त्याच्या कडेने फिरतात आणि हरणं तिथून लांब राहतात, हा अभ्यास २०२१ चा आहे.

माळावरचा_पोरगा

नोकरीमुळे घाटकोपरला असतो, गाव इंदापूर तालुक्यात, घरी मेंढरं आहेत. लांडगा आम्ही लहानपणापासून बघतोय म्हणून थोडं लिहितो.

आपला लांडगा दाट जंगलातला नाहीच. तो माळाचा. सोलापूर, नगर, पुणे जिल्ह्याचा कोरडा भाग, जिथे गुडघाभर गवत आणि मधे बोरी-बाभळी. म्हणून ताई तुमच्या नॅशनल पार्कात तो नाही आणि आणून सोडला तरी राहणार नाही. माळावर तो ससे, उंदीर, चिंकारा, काळवीट खातो. गुजरातेत वेळावदरला तर मुख्यतः काळवीटच. पण आमच्याकडे माळ कमी होत गेला तशी हरणं कमी झाली, त्यामुळे त्याचं बरंचसं पोट आमच्या मेंढरांवर चालतं, हे खोटं कशाला सांगू.

रात्री मेंढरं वाघरीत कोंडतात, वाघर म्हणजे जाळ्याचं कुंपण, आणि चारी बाजूंना कुत्री. लांडगा वाघरीच्या नादाला कमी लागतो. तो संध्याकाळी मेंढरं परत फिरताना येतो, एक लांडगा समोरून दिसेल असा उभा राहतो, कुत्री आणि माणूस त्याच्या मागे धावतात आणि तोवर दुसरा बाजूच्या ओढ्यातून वर येऊन कोकरू उचलतो. आमचे चुलते म्हणायचे, त्याचा वाटा तो नेणारच, आपण राखण नीट करायची. पण कोकरू गेलं की पोटात कालवतंच, आणि भरपाईसाठी पंचनामा करायला माणूस येईपर्यंत कळप पुढच्या गावाला गेलेला असतो. शहरातल्या लोकांनी लांडगा वाचवा म्हणताना या भरपाईसाठीही तेवढंच भांडावं असं मला मनापासून वाटतं, कारण महाराष्ट्रात लांडगा आजवर टिकला तो धनगराने विष घातलं नाही म्हणून.

माणसाचं म्हणाल तर आमच्या भागात धडधाकट लांडगा माणसावर गेल्याचं मी ऐकलेलं नाही. पिसाळलेला असेल तर तो कोणालाही चावेल. बहराइचला जे झालं ते भयंकर आहे, ते लपवू नका, पण तिकडे दार नसलेल्या घरात आणि अंगणात झोपलेली लेकरं होती हेही मुलीला सांगा.

आणि खरा घोर वेगळाच आहे. कागदावर माळ म्हणजे पडीक जमीन. मग तिथे एमआयडीसी टाका, सोलर टाका, नाहीतर वृक्षारोपण म्हणून ग्लिरिसिडिया लावा. झाडं लावली म्हणून सगळे टाळ्या वाजवतात, पण गवत गेलं की ससा, माळढोक, चिंकारा, लांडगा आणि आमची मेंढरं सगळ्यांचंच गेलं.

कांदळवन_चेंबूर

वरच्या दोघांनी उत्तम लिहिलंय, मी फक्त मुंबईपुरतं बोलते. मुलीला लांडग्याच्या जागी इथे कोण हे दाखवायचं असेल तर नॅशनल पार्कातला बिबट्या घ्या. २०१८ च्या एका अभ्यासात असा अंदाज मांडला होता की तिथले ४० च्या आसपास बिबटे वर्षाला सुमारे १५०० भटकी कुत्री खातात आणि त्यामुळे कुत्रं चावण्याच्या हजारभर घटना टळत असाव्यात. अंदाज आहे, पण विचार करायला लावणारा आहे.

कुत्र्यांचा मुद्दा माळावरही आहेच. पुण्याच्या आसपास लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं २०२३ मधे जनुकीय तपासणीत सिद्ध झालं. कुत्र्यांकडून रेबीज, डिस्टेंपर असे रोगही येतात. आमच्याकडे चेंबूरच्या खारफुटीत जे दिसतात ते कोल्हे, लोक त्यांनाच लांडगे म्हणून व्हिडिओ टाकतात. २०२४ मधे इथल्याच एका मेलेल्या कोल्ह्यात रेबीज सापडला होता. त्यामुळे कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण हे मी वन्यप्राण्यांचंही काम मानते, आणि कचरा उघड्यावर न टाकणं तर आपल्या हातात आहे.

बोरिवलीची_आई

सगळ्यांचे खूप खूप आभार, मुलीने आत्ताच शेजारी बसून सगळं वाचलं आणि नदीचा परिच्छेद खोडून नव्याने लिहायला घेतलाय. आता तिला माळ बघायचाय. मुंबईहून जाऊन लांडगा बघता येईल असं काही आहे का?

माळावरचा_पोरगा

आहे ना ताई. वनविभागाने २०२४ पासून इंदापुरात कडबनवाडीला आणि बारामतीजवळ शिर्सुफळला ग्रासलँड सफारी सुरू केलीये, ऑनलाइन बुकिंग करून जा आणि गाइड घ्या. पहाटेची वेळ धरा. चिंकारा बहुतेक दिसतो, लांडगा दिसेलच असं नाही. गाडी ठरलेल्या रस्त्यावरून खाली उतरवू नका, गवत चिरडतं. थंडीत पिल्लं असतात, बिळाच्या जवळ जायला कोणी सांगितलं तरी जाऊ नका. फोटो मिळाला तर लोकेशन टाकू नका. आणि वाटेत मेंढरं दिसली तर थांबून मेंढक्याशी बोला, त्याला लांडग्याचं विचारा, तो तुमच्या लेकीला माझ्यापेक्षा जास्त सांगेल.