लेनच्या मधोमध सायकल चालवली की पोलीस अडवतात, आणि कायदा मात्र सायकलवाल्याच्या बाजूने असतो. चूक कोणाची?

पॅडलमास्तर:
पोलिसांचं ठरलेलं वाक्य असतं, कडेने चालव, ट्रॅफिक अडवतोयस. कडेला पार्क केलेल्या गाड्यांची रांग असते, त्यातल्या एकाने न बघता दार उघडलं तर सायकलवाला सरळ मागून येणाऱ्या गाडीखाली जातो, म्हणून अनुभवी माणूस मुद्दाम दारांपासून लांब आणि मधोमध चालवतो. कायद्यालाही हे मान्य आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या वाहन कायद्यातल्या कलम 21202 मध्ये कडेने चालवा असं आहे खरं, पण त्याच कलमात पुढे लिहिलंय की रस्त्यात अडथळा असेल किंवा लेन इतकी अरुंद असेल की गाडी आणि सायकल शेजारीशेजारी सुरक्षित जाऊ शकत नाहीत, तर हे बंधन नाही. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रस्त्यावरच्या नियमांच्या पुस्तकात, 2022 पासून स्पष्टच आहे, शांत रस्त्यावर, संथ ट्रॅफिकमध्ये आणि चौक जवळ आला की लेनच्या मधोमध चालवा, पार्क केलेल्या गाड्यांपासून दाराएवढं किंवा 1 मीटर अंतर ठेवा. पोलिसांना नियमाची पहिली ओळ पाठ असते आणि अपवाद कोणी शिकवलेलेच नसतात. ज्याच्या हातात पावतीपुस्तक आहे त्याला पूर्ण कलम माहीत असलंच पाहिजे.

खाकीची_लेक:
माझे बाबा पोलिसात होते त्यामुळे दुसरी बाजू सांगते. गाडीखाली आलेल्या माणसाला उचलायला पहिला तोच पोलीस जातो, त्यामुळे मोठ्या गाड्यांच्या मधोमध सायकल दिसली की त्याच्या पोटात गोळा येतो आणि तो बाजूला घे म्हणतो. त्यात सायकलवाल्याचा द्वेष नसतो हो. आणि भर ट्रॅफिकमध्ये त्याच्याशी कलमांवर वाद घालून काय साधणार?

पॅडलमास्तर:
ताई, काळजी कळते, पण त्या काळजीपोटी तो माणसाला जास्त धोक्याच्या जागी ढकलतोय ना. कडेला गेलं की मागच्या ड्रायव्हरला वाटतं जागा आहे, आणि तो अगदी घासून ओव्हरटेक करतो. वाद तिथे घालू नये हे मात्र शंभर टक्के मान्य. सांगतील तसं बाजूला घ्यायचं, कोणत्या कलमाखाली पावती फाडताय ते शांतपणे विचारायचं, बिल्ला नंबर लिहून घ्यायचा आणि कोर्टात लढायचं. अमेरिकेतल्याच ओहायो राज्यात एका सायकलवाल्याला ट्रॅफिक अडवल्याबद्दल दोषी धरलं होतं, तो अपिलात गेला आणि 2000 साली कोर्टाने सोडलं, सायकलच्या मानाने तो योग्य वेगात जात होता म्हणजे ती अडवणूक होत नाही असं म्हणून.

सरळवाट:
कोर्टात जायला वेळ आणि पैसा कोणाकडे आहे? शिवाय निम्मे सायकलवाले सिग्नल तोडतात, उलट्या दिशेने येतात, रात्री लाइट नसतो. आधी ते बंद करा मग पोलिसांना कायदा शिकवा.

चाकोरीबाहेर:
दुसऱ्याने सिग्नल तोडला म्हणून नियमाने चालवणाऱ्याला पावती? असं गाडीवाल्यांना लावून बघा एकदा. आणि खरं नुकसान पावतीने होतच नाही, ते अपघाताच्या रिपोर्टमध्ये होतं, ज्यावर इथे अजून कोणी बोललं नाही. सायकलवाला बेशुद्ध हॉस्पिटलमध्ये, जागेवर बोलायला फक्त ड्रायव्हर, तो म्हणतो सायकल अचानक मध्ये आली, आणि लिहिणाऱ्या पोलिसाच्या डोक्यात आधीच पक्कं की सायकलने कडेलाच असायला हवं होतं, मग चूक सायकलवाल्याची असं कागदावर येतं आणि त्याच कागदावर बोट ठेवून विमा कंपनी हात वर करते. माझ्या ओळखीत घडलंय हे, तो रिपोर्ट बदलून घेताना घरच्यांची पार दमछाक झाली.

खाकीची_लेक:
रिपोर्टचं पटलं, जखमीचा जबाब घेतल्याशिवाय चूक कोणाची हे लिहूच नये. पण अरुंद रस्त्यावर मागे गाड्यांची रांग लागलेली असताना मधोमध चालवत राहणं मला अजूनही हट्टीपणाच वाटतो.

पॅडलमास्तर:
त्यालाही नियम आहे ना. कॅलिफोर्नियातच, दोन लेनच्या रस्त्यावर ओव्हरटेक करणं धोक्याचं असेल आणि मागे 5 किंवा जास्त गाड्या साचल्या, तर हळू जाणाऱ्याने पहिली सुरक्षित जागा दिसली की बाजूला होऊन त्यांना जाऊ द्यायचं, मग तो ट्रॅक्टर असो नाहीतर सायकल. तिथे मी थांबलो नाही तर खुशाल पावती फाडा, मी मुकाट भरेन.